कुत्र्याच्या सोयीचं बंदर

कुत्र्याला उभी शिडी चढता येत नाही. एडिनबराच्या किनाऱ्यालगत शिडाच्या बोटीतून दिवसभर भटकायचं आणि घरातलं जनावरही सोबत न्यायचं, असं ठरलं की सगळी आखणी या एका गोष्टीपासून सुरू होते.

कारण आहे भरती-ओहोटीचं. एडिनबराच्या लीथ बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं आणि तितकंच उतरतं. मुंबईत हाच फरक साडेतीन-चार मीटरचा असतो. भांगाच्या दिवसांत लीथचा आकडा निम्म्यावर येतो, पण सुट्टीचा शनिवार भांगाचा मुहूर्त पाहून येत नाही. फोर्थच्या खाडीकाठची जुनी दगडी बंदरं, म्हणजे उत्तरेला फाइफमधलं ॲबरडाउर किंवा पूर्वेला नॉर्थ बेरिक, ओहोटीला कोरडी पडतात. भरतीच्या वेळी एका ढांगेत ज्या धक्क्यावर उतरलो, त्याच धक्क्याची भिंत काही तासांनी डोक्याच्या कितीतरी वर गेलेली असते. भिंतीत बसवलेली लोखंडी शिडी असते, तिच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या असतात. माणूस जपून चढतो. पंचवीस किलोच्या कुत्र्याचं काय करायचं?

म्हणून कुत्रेवाले खलाशी तरंगता धक्का शोधतात. पाण्याबरोबर वर-खाली होणारा हा लाकडी मंच असला की बोटीची कड आणि धक्का यांतलं अंतर दिवसभर सारखंच राहतं आणि कुत्रा स्वतःच्या पायांनी उतरतो. एडिनबराच्या बाजूला असे धक्के मुख्यतः दोन ठिकाणी आहेत. एक शहराच्या उत्तर टोकाला ग्रँटनमध्ये. रॉयल फोर्थ यॉट क्लब हा 1868 सालचा क्लब तिथलाच. दुसरं पश्चिमेला साउथ क्वीन्सफेरीजवळच्या पोर्ट एडगरला. तिथे पूर्वी नौदलाचा तळ होता, आता खासगी बोटी लागतात. या दोन ठिकाणांमधला एक दिवस आपण या प्रकरणात पाहू. बोट कल्पित आहे: नऊ मीटर लांबीची, एका डोलकाठीची, तिच्यावर दोन माणसं, एक कुत्रा आणि एक मांजर. महिना जूनचा. खाडी, पाणी, पक्षी आणि नियम मात्र खरे आहेत.

आखणी अशी. फोर्थची खाडी पश्चिमेला आत शिरत निमुळती होत जाते, त्यामुळे भरतीचं पाणी पश्चिमेकडे वाहतं आणि ओहोटीचं पूर्वेकडे. भरती लागताच ग्रँटन सोडायचं, पाण्याच्या ओढीचा फायदा घेत वाटेत इंचकम बेटापाशी थांबायचं, पूर्ण भरतीच्या सुमारास पोर्ट एडगर गाठायचं. तिथे कुत्र्याला भरपूर फिरवायचं आणि ओहोटी लागली की तिच्याच बरोबर परत. एकूण अंतर सोळा-सतरा सागरी मैल, म्हणजे तीसेक किलोमीटर. ताशी पाच सागरी मैलांनी चालणारी बोट इतकं सहज करते, आणि जूनमध्ये एडिनबरात साडेसतरा तास उजेड असतो. या सगळ्यात कुत्र्याला जमिनीविना किती वेळ ठेवायचं याची मर्यादा सांभाळायची असते. मोठं कुत्रं गरज पडली तर आठ-दहा तास लघवी रोखतं, पण दोन माणसांच्या हौसेसाठी त्याला तसं करायला लावणं बरोबर नाही. चार-पाच तासांनी जमीन मिळाली पाहिजे. काही जण बोटीच्या पुढच्या भागात कृत्रिम हिरवळीचा तुकडा अंथरून कुत्र्याला तिथे विधी करायची सवय लावतात. ती लागायला आठवडे जातात, आणि अनेक कुत्री शेवटपर्यंत घराची शिस्त मोडत नाहीत. मांजराचा हा प्रश्न सोपा आहे. उंच काठांची वाळूची परात कोपऱ्यात घट्ट बसवली, बोट कलली तरी सरकणार नाही अशी, की झालं.

निघण्यापूर्वी कुत्र्याला मोठी फेरी मारून आणतात आणि खायला थोडंच देतात, कारण जनावरांनाही बोट लागते. वारंवार जांभया, तोंडातून लाळ गळणं, ओठ चाटत राहणं, एका जागी न बसणं ही तिची आधीची लक्षणं. ओकारी शेवटी येते. पशुवैद्य त्यावर मारोपिटंट नावाचं औषध देतात. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. या शहराला पशुवैद्यांची उणीव नाही. विल्यम डिक यांनी 1823 साली इथे सुरू केलेली पशुवैद्यक शाळा आज एडिनबरा विद्यापीठाचा भाग आहे आणि त्यांचं नाव अजून लावते.

मग लाइफजॅकेट. कुत्र्यांसाठीच्या जॅकेटला पाठीवर एक दणकट मूठ असते, आणि जॅकेट विकत घेताना पाहायची ती मूठच. नऊ मीटरच्या बोटीची कड पाण्यापासून मीटरभर उंच असते. भिजलेलं, घाबरलेलं, पाय मारणारं जनावर वाकून नुसत्या हातांनी वर घेणं दोघांनाही जड जातं. मुठीत आकडा अडकवला आणि शीड वर चढवायचा दोर त्याला लावला, तर चरकीवर दोर गुंडाळत एकटा माणूसही कुत्र्याला वर आणू शकतो. ही तालीम बंदरात, शांत पाण्यात, मोसमाच्या सुरुवातीला एकदा करून ठेवावी. बोटीवर बांधायचा दोर गळपट्ट्याला कधीही लावत नाहीत. तो छातीवरच्या हार्नेसला लावतात, आणि इतकाच लांब ठेवतात की कुत्रा घसरला तरी बोटीच्या कडेबाहेर लोंबकळू नये. कठड्याच्या तारांना खालपासून वरपर्यंत जाळी बांधली की निम्मी काळजी मिटते. मांजरासाठी बंदरात उभ्या बोटीच्या मागच्या बाजूने एक जाड दोर किंवा जुना टॉवेल पाण्यात सोडून ठेवण्याची खलाशांची रीत आहे. मांजर पाण्यात पडलं तर नखं रोवून त्यावरून वर येतं.

इतका जामानिमा कशासाठी, हे पाण्याचं तापमान सांगतं. जूनमध्ये फोर्थचं पाणी जेमतेम अकरा अंश असतं, ऑगस्टअखेर फार तर चौदा. त्यात पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही. कुत्र्याची लव त्याला थोडं सांभाळते, पण लहान आणि आखूड केसांचं कुत्रं लवकर गारठतं. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय 1824 पासून किनाऱ्यावर काम करते, आणि तिचे नावाडी बहुतांशी स्वयंसेवक असतात. कुत्र्यामागे पाण्यात उडी मारू नका, असं ती सतत बजावत असते. किनाऱ्यावर असाल तर कुत्र्याला बाहेर येता येईल अशा जागेकडे जाऊन तिथून हाक मारा. पुष्कळदा कुत्रं आपोआप बाहेर येतं, आणि त्याच्यामागे गेलेल्या माणसालाच वाचवावं लागतं. बोटीवर असताना एकाने हाताने कुत्र्याकडे दाखवत नजर त्याच्यावरून हलवायची नाही, दुसऱ्याने बोट वळवायची. लाटांत काळं डोकं दिसेनासं व्हायला वेळ लागत नाही.

ग्रँटनच्या भिंतीबाहेर आलं की रेडिओ 71 क्रमांकाच्या वाहिनीवर लावतात. फोर्थमधल्या जहाजांची वाहतूक त्यावरून चालते, आणि संकटासाठी 16 क्रमांक असतो. नैर्ऋत्येचा वारा हा इथला नेहमीचा. तो डाव्या कुशीवर घेऊन बोट उजवीकडे कलते आणि इंचकमकडे धावू लागते. हा कल जनावरांना सुरुवातीला सोसत नाही. त्यांचे पंजे गुळगुळीत फायबरवर घसरतात, म्हणून बसायच्या जागी रबरी चटई हवी. शिडं वाऱ्यात फडफडतात तो आवाज कुत्र्यांना समुद्रापेक्षा जास्त घाबरवतो. दिशा बदलताना शिडाचा आडवा दांडा सर्रकन एका बाजूने दुसरीकडे जातो, त्याच्या टप्प्यात कुत्र्याचं डोकं येऊ नये म्हणून त्याची जागा ठरलेली असावी आणि दर वेळी तोच शब्द उच्चारून त्याला तिथे बसवावं. चार-सहा फेऱ्यांनंतर अनेक कुत्री तो शब्द ऐकताच आपसूक खाली बसतात. मांजर कुणाचं ऐकत नाही, पण ते आधीच केबिनमधल्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात अरुंद जागेत जाऊन झोपलेलं असतं. बोट तिथे सर्वांत कमी हलते, आणि हे मांजराला कुणी शिकवावं लागत नाही.

डाव्या हाताला क्रॅमंड बेट दिसतं. ओहोटीला किनाऱ्यापासून तिथवर चालत जाता येतं. वाटेच्या कडेने दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या बोटी अडवायला रोवलेले काँक्रीटचे सुळके अजून उभे आहेत. एडिनबरातली कुत्र्यांची माणसं या बेटावर हौसेने फिरायला येतात, आणि दर वर्षी त्यांतली काही अडकतात. ओहोटीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास, एवढाच वेळ ही वाट सुरक्षित असते. नंतर पाणी दोन्ही बाजूंनी चढतं, आणि क्वीन्सफेरीच्या जीवरक्षक बोटीला येऊन माणसं नि कुत्री उचलावी लागतात. पाणी चालत येऊन वाट गिळतं हे कोकणच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. शहरी माणसाला ते फलक लावून सांगावं लागतं, आणि तसा फलक तिथे आहे.

उजव्या अंगाला ऑक्सकार्सचा दीपस्तंभ, 1886 चा. हा स्टीव्हन्सन घराण्याच्या कामांपैकी एक. मागे पूर्वेला इंचकीथ बेटावरचा 1804 चा दीपस्तंभही त्याच घराण्याच्या हातचा, आणि कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच घराण्यातला. पलीकडे इंचमिकरी नावाचं चिमुकलं बेट. युद्धकाळातल्या काँक्रीटच्या इमारतींमुळे ते दुरून युद्धनौकेसारखं दिसतं, आणि आता ते आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेच्या देखरेखीखाली आहे.

बेटं इतकी असताना कुत्र्याला उतरवायला पोर्ट एडगरपर्यंत कशाला जायचं, असं वाटणं साहजिक आहे. नकाशावर पाहिलं तर फोर्थमध्ये जागोजाग जमीन आहे. पण एप्रिल ते जुलै ही जमीन पक्ष्यांची असते. इंचकमवर मध्ययुगीन मठ आहे, 1123 च्या सुमारास राजा पहिला अलेक्झांडर याने स्थापलेला. स्कॉटलंडमधल्या सर्वांत सुस्थितीत राहिलेल्या मठवास्तूंपैकी तो एक आहे आणि पाहण्याजोगा आहे. पण त्या काळात मठाच्या भोवती सीगल पक्ष्यांची घरटी जमिनीवर, पायवाटेच्या कडेलाही असतात. आयडर बदकाची मादी गवतात अंड्यांवर न हलता बसते. माणूस दोन पावलांवर आला तरी उठत नाही. कुत्रा मात्र वासाने तिच्यापर्यंत पोचतो. ती उठली की अंडी उघडी पडतात, आणि वर घिरट्या घालणाऱ्या सीगलना तेवढाच अवधी पुरतो. कुत्र्याने दात लावलाच पाहिजे असं नाही. त्याचं नुसतं येणं पुरेसं असतं. फुल्मार पक्षी तर जवळ येणाऱ्यावर पोटातलं घाण वासाचं तेल पिचकारीसारखं सोडतो, आणि ते केसांतून लवकर जात नाही.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने माणसाला जवळजवळ कुठेही हिंडायचा हक्क दिला आहे. तो हक्क कुत्र्यालाही आहे, पण ताब्यात ठेवण्याच्या अटीवर, आणि विणीच्या काळात पक्ष्यांच्या जागेत आखूड पट्ट्यावर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या आइल ऑफ मे या राखीव बेटावर कुत्री न्यायलाच बंदी आहे. मला ही बंदी योग्य वाटते, आणि इंचकमलाही कुत्र्याला बोटीवर ठेवून माणसांनी पाळीपाळीने मठ पाहून यावा, असं माझं मत आहे. हे पटवायला कोकणातलं उदाहरण पुरेल. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे संवर्धन सुरू केलं, तेव्हा माणसांच्या चोरीइतकाच कुत्र्या-कोल्ह्यांनी घरटी उकरण्याचा धोका होता. म्हणून अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरावी लागली. तिथली कुत्री भटकी होती, इथली पट्ट्यातली आहेत. अंड्याला दोन्ही सारखीच.

मांजराच्या बाबतीत तर शंकाच नको. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1890 च्या दशकात दीपस्तंभ उभा राहिला, राखणदार आले आणि त्यांच्याबरोबर मांजरंही. बेटावर न उडणारा एक लहानसा पक्षी होता, लायलचा रेन. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, आणि काही वर्षांतच तो नाहीसा झाला. फोर्थच्या बेटांवर एकदा आणलेल्या प्राण्याने काय होतं याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. नॉर्थ बेरिकसमोरच्या क्रेगलीथ बेटावर माणसांनी पूर्वी ससे सोडले होते. ते झाडोरा कुरतडून खुरटा ठेवत आणि जमिनीत बिळं करणाऱ्या पफिन पक्ष्यांना ते सोयीचं पडे. 1950 च्या दशकात रोगाने ससे मेले. मग ट्री मॅलो नावाची माणूसभर वाढणारी झुडपं माजली आणि बिळांची तोंडं बुजली. 1999 मध्ये तिथे पफिनच्या सुमारे 28,000 जोड्या होत्या, त्या काही हजारांवर आल्या. 2007 पासून स्कॉटिश सीबर्ड सेंटरचे स्वयंसेवक दर हिवाळ्यात जाऊन ती झुडपं तोडतात. जनावर आणणं, न आणणं, काढून घेणं, प्रत्येकाचे परिणाम लहान बेटावर वर्षानुवर्षं पुरतात.

इंचकमच्या आडोशाला नांगर टाकून जेवण होतं. कुत्र्याला पिण्याचं पाणी इथे आठवणीने द्यायचं: दिवसाला किलोमागे पन्नासेक मिलिलिटर, म्हणजे आपल्या कुत्र्याला सव्वा लिटर, उन्हात त्याहून जास्त. पाणी नसेल तर ते समुद्राचं पितं, आणि खारं पाणी जास्त पोटात गेलं की उलट्या, जुलाब, आणि मग रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. आसपासच्या खडकांवर सील पहुडलेले असतात. कुत्र्याला त्यांच्यावर भुंकू देऊ नये. स्कॉटलंडमध्ये ठरावीक विश्रांतीच्या जागी सीलना मुद्दाम छळणं हा 2010 च्या सागरी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय दोघांचे आजारही जवळचे आहेत. 1987-88 मध्ये सायबेरियातल्या बैकल सरोवरातले हजारो सील मेले ते कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या विषाणूने. लस घेतलेलं कुत्रं हीच सीलचीही काळजी.

इंचकम आणि फाइफच्या मधल्या खोल पाण्याला मॉर्टिमर्स डीप म्हणतात. ब्रेफूट बे इथे लागणारी वायूवाहू जहाजं याच वाटेने येतात, तेव्हा लहान बोटींनी दूर राहायचं. पुढे हाउंड पॉइंटला उत्तर समुद्राचं तेल भरणारी टँकर जहाजं, त्यांच्यापासूनही अंतर ठेवायचं. मग पूल येतात: 1890 चा लाल रेल्वेपूल, 1964 चा झुलता रस्तापूल, आणि त्यापलीकडे 2017 चा क्वीन्सफेरी क्रॉसिंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुलाच्या मधे पोर्ट एडगर. रेल्वेपुलावरून गाडी जाताना पोलादाचा जो घणघणाट वरून येतो, त्याने कित्येक कुत्री थेट केबिनमध्ये पळतात. तेवढ्या वेळापुरतं त्यांना आधीच खाली नेऊन ठेवलेलं चांगलं.

तरंगत्या धक्क्यावर कुत्रं उतरतं आणि दीड-दोन तास मोकळं मिळतं. या किनाऱ्यावरही दोन गोष्टी नजरेत ठेवायच्या. उन्हाळ्यात लायन्स मेन नावाची मोठी जेलीफिश वाळूवर येऊन पडते. ती मेलेली असली तरी तिचे तंतू डंख करतात, आणि कुत्रं नाक आधी घालतं. वादळानंतर कधी कधी पाम तेलाचे पांढरे गोळे वाहून येतात. कुत्र्यांना त्यांचा वास आवडतो आणि ते खाल्ल्याने जीवावर बेततं. 2022 मध्ये बर्ड फ्लूने खाडीच्या तोंडाशी असलेल्या बास रॉकवरची गॅनेट पक्ष्यांची वसाहत, तेव्हा जगातली त्या पक्ष्यांची सर्वांत मोठी, झोडपून काढली. किनाऱ्यांवर मेलेले पक्षी आले, आणि कुत्र्यांना पट्ट्यावर ठेवा अशा सूचना द्याव्या लागल्या. मेलेला पक्षी दिसला की कुत्र्याला हाक मारून परत घेणं ही सवय तेव्हापासून सगळ्यांनीच ठेवावी.

या पूर्व किनाऱ्याला बोटीवरचं कुत्रं नवं नाही. थोडं उत्तरेला डंडी आणि माँट्रोज इथे दुसऱ्या महायुद्धात थोरोड ही नॉर्वेची नौका असे, आणि तिच्यावर बाम्से नावाचा सेंट बर्नार्ड. डंडीत तो गळ्यात पास अडकवून एकटा बसने जाई आणि दारूच्या गुत्त्यांतून खलाशांना वेळेवर बोटीवर परत आणी. पाण्यात पडलेल्या एका खलाशाला त्याने वाचवलं. 1944 मध्ये माँट्रोजला तो मेला आणि तिथेच त्याला पुरलं. 2006 मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला आणि त्याच वर्षी पीडीएसए या संस्थेने त्याला मरणोत्तर सुवर्णपदक दिलं.

बाम्सेच्या देशाकडे आपल्या बोटीने जावं असं फोर्थमधल्या अनेकांना वाटतं. उन्हाळ्यात चांगला वारा धरून उत्तर समुद्र ओलांडणाऱ्या बोटी इथून निघतातही. कुत्रं बरोबर असेल तर मात्र अडचण परतीच्या वाटेची आहे. ब्रिटनने रेबीज 1922 साली घालवला आणि तो परत येऊ नये म्हणून पुढची अनेक दशकं बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला सहा महिने वेगळं कोंडून ठेवलं. 2000 पासून त्याऐवजी चिप, रेबीजची लस, कागदपत्रं आणि कुत्र्यांसाठी येण्यापूर्वी (आता एक ते पाच दिवस आधी) पट्टकृमीचं औषध, अशी व्यवस्था आली. पण त्या व्यवस्थेतही प्राणी मान्यताप्राप्त मार्गानेच, मान्यताप्राप्त कंपनीच्या जहाज-विमानातूनच आत आणता येतो. खासगी बोटीतून परदेशाहून ग्रेट ब्रिटनमध्ये कुत्रं आणता येत नाही. आयर्लंडसारखे मोजके अपवाद सोडले तर. या खाडीतल्याच रोसाइथ बंदरातून बेल्जियमला प्रवासी जहाज जात असे, ते 2010 मध्ये बंद झालं. आता नॉर्वे-हॉलंडला स्वतःच्या शिडाने गेलेल्या माणसाला परत येताना कुत्र्यासाठी हॉलंडहून न्यूकॅसलला येणाऱ्या जहाजाचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि बोट दुसऱ्या कुणीतरी आणावी लागते. भारतातून कुत्रं नेणाऱ्या मराठी कुटुंबांना तर लसीनंतर रक्ताची चाचणी आणि त्यानंतर तीन महिन्यांची वाट पाहणं चुकत नाही. कुत्रं विमानाच्या मालवाहू भागातून येतं. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत तिकीट काढून कुत्रं नेणाऱ्यांना हे सगळं फार वाटेल. पण रेबीज काय असतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, आणि तो नसलेल्या देशाने तो येऊ न देण्यासाठी इतकं जपावं यात मला काही जादा दिसत नाही.

त्यामुळे कुत्रं सोबत असलेली बोट स्कॉटलंडच्या किनाऱ्याला धरून राहते. उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंडपर्यंत, कॅलेडोनियन कालव्यातून पलीकडे पश्चिम किनाऱ्याच्या बेटांपर्यंत तिला वाट मोकळी आहे, आणि ते पाणी एका जन्मात संपणारं नाही. पोर्ट एडगरला ओहोटी लागली की आपली बोट दोर सोडते. कुत्र्याचं अंग आणि पंजे तिथल्या नळाच्या गोड्या पाण्याने आधीच धुतलेले असतात, कारण वाळलेलं मीठ कातडीला खाज आणतं आणि कुत्रं ते चाटत बसतं. वारा आता उजव्या कुशीवर, पाणी पूर्वेला ओढणारं. ग्रँटनला पोचेपर्यंत ओहोटी अर्ध्यावर आलेली असेल. तरंगत्या धक्क्यावरून किनाऱ्याकडे जाणारी उतरणीची फळी, जी सकाळी भरती लागताना कुत्रा जपून उतरला होता, ती आता सकाळइतकी उभी नसली तरी चढणीची असेल. तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, आणि चार पायांच्या प्रवाशाला तेवढ्या पुरतात.